भर्तृहरी फळ्यावर मावत नाही

शाळेच्या व्हरांड्यात ‘आजचा सुविचार’ लिहायला एक वेगळा फळा असतो. त्यावर अधूनमधून वाळू रगडून तेल काढण्याची ओळ येतेच. प्रयत्न करा, अशक्य काही नाही, असा तिचा अर्थ लावून मुलं वर्गात जातात. पुढे हीच ओळ स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या जाहिरातीत भेटते, सत्काराच्या भाषणात भेटते, सेवानिवृत्तीच्या समारंभात तर हमखास. सतराव्या शतकात वामन पंडितांनी ती मराठीत आणली, आणि इतकी घोटीव आणली की तिच्यापुढचं वाचायची कुणाला गरजच वाटेना.

पुढे काय आहे? मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला. त्याचा आशय असा, की जोर लावून रगडली तर वाळूतूनही एखादवेळ तेल निघेल, तहानलेल्याला मृगजळाचं पाणी प्यायला मिळेल, रानोमाळ भटकल्यावर सशाचं शिंगसुद्धा सापडेल. पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत काढायला जाल, तर ते मात्र जमायचं नाही. म्हणजे हा श्लोक प्रयत्नांच्या थोरवीचा नाहीच. एका विशिष्ट जातकुळीच्या माणसापुढे तुमचे सगळे प्रयत्न कसे फुकट जातात, याचा तो आहे. वाळूतलं तेल ही नुसती चढण होती. आपण चढणीलाच गाव समजून मुक्काम ठोकला.

यात वामन पंडितांकडे काही बोट दाखवता येत नाही. यमकांच्या हौसेपायी ‘यमक्या वामन’ म्हणून त्यांची थट्टा झाली असली, तरी त्यांनी चारही चरण इमानाने मराठीत आणले आहेत. कात्री नंतरच्यांनी चालवली. आणि भर्तृहरीला कात्री फार महागात पडते, कारण त्याचा सगळा जीव शेवटच्या चरणात असतो.

त्याच्या या काव्यप्रकाराला मुक्तक म्हणतात. मागेपुढे कथा नाही, पात्रं नाहीत, एक श्लोक स्वतःच्या पायावर उभा. शार्दूलविक्रीडित असेल तर चरणाला 19 अक्षरं, शिखरिणी असेल तर 17. म्हणजे एका श्लोकात सत्तरएक अक्षरांची जागा, आणि तेवढ्यात माणसाला हसवायचं, बोचायचं आणि निघून जायचं. त्यामुळे तीन चरण वाचकाला एका दिशेने चालवत न्यायचं आणि चौथ्यात पाय ओढायचा, ही त्याची आवडती खोडी. शार्दूलविक्रीडित म्हटलं की मराठी माणसाच्या कानात अंतरपाट आणि अक्षता येतात, कारण आपली मंगलाष्टकं बहुतेक याच वृत्तात. भर्तृहरीचा टकल्या माणसावरचा श्लोकही याच वृत्तात आहे. डोकं उन्हाने तापलेला एक टक्कलवाला सावली शोधत ताडाखाली येतो. आला रे आला की वरून भलंमोठं फळ सुटतं आणि कवटी आवाजासकट फुटते. ज्याचं नशीबच फुटकं, तो जाईल तिथे संकटं त्याच्या आधी पोचलेली असतात, असा शेवट. काही पोथ्यांत ताडाऐवजी बेलाचं झाड आहे. फळ बदललं, डोकं तेच राहिलं. हा श्लोक मंगलाष्टकाच्या चालीवर अगदी बिनचूक बसतो. कुणी लग्नात म्हणून बघू नये एवढंच.

हा भर्तृहरी कोण, याचं उत्तर देताना परंपरेने एका नावात चार माणसं कोंबली आहेत. विक्रमादित्याचा थोरला भाऊ आणि उज्जैनचा राजा, हा एक. ‘वाक्यपदीय’ लिहिणारा वैयाकरण, हा दुसरा. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग या वैयाकरणाबद्दल सांगतो, की तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा घरी परतला. तिसरा नाथपंथातला भर्तरीनाथ. आणि चौथा म्हणजे नीती, शृंगार आणि वैराग्य या तीन शतकांचा कवी, ज्याच्याविषयी खात्रीने सांगण्यासारखं जवळजवळ काहीच हाती नाही.

राजाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. एका ब्राह्मणाला अमरत्वाचं फळ मिळतं, तो ते राजाला देतो. राजा लाडक्या राणीला देतो, राणी तिच्या प्रियकराला, तो त्याच्या आवडत्या वेश्येला, आणि ती बिचारी ते पुन्हा राजाच्याच हातावर ठेवते. राजा सिंहासन सोडून रानात जातो. पुराव्यादाखल एक प्रसिद्ध श्लोक पुढे केला जातो. तो वाचून बघावा. मी जिचा ध्यास घेतो तिला माझ्यात रस नाही, तिला दुसरा हवा, त्या दुसऱ्याचं मन तिसरीवर, आणि माझ्यासाठी झुरणारी आणखीच कुणीतरी. मग धिक्कार तिचा, त्याचा, मदनाचा, त्या दुसरीचा आणि माझा. संपला श्लोक. यात राजा नाही, राणीचं नाव नाही, फळ तर मुळीच नाही. चार ओळींची एक गुंतागुंत होती. लोकांना ती रिकामी बघवली नाही, म्हणून त्यांनी तिच्यात राजवाडा बांधला.

नवनाथ भक्तिसार ही पोथी ज्यांच्या घरी श्रावणात लागते, त्यांना हीच राणी, पिंगला, निराळी भेटते. फळाच्या गोष्टीत पिंगला बेइमान आहे, आणि पोथीतली पिंगला इतकी एकनिष्ठ, की नवऱ्याने परीक्षा बघायला पाठवलेली आपल्या मरणाची खोटी बातमी ऐकून ती चितेवर चढते. भर्तरी स्मशानात तिच्या नावाने रडत बसतो. मग गोरक्षनाथ येतात, स्वतःचं मडकं मुद्दाम फोडतात आणि त्याच्या शेजारी बसून मडक्यासाठी गळा काढतात. भर्तरी वैतागून म्हणतो, मडक्यासाठी काय रडता, तशी हवी तेवढी देतो. गोरक्षनाथ मंत्र टाकून तशाच कितीतरी पिंगला उभ्या करतात आणि म्हणतात, घे, ओळख तुझी कोणती. मला हा प्रसंग फळाच्या गोष्टीपेक्षा फार वरचढ वाटतो. पहिल्या गोष्टीत प्रेम मोडतं ते बाईच्या लबाडीमुळे, म्हणजे पुरुषाची सोय झाली. दुसऱ्या गोष्टीत लबाडी नवऱ्याची आहे, आणि तिचं मोल बायकोने दिलं आहे.

आता चौथ्या माणसाकडे, म्हणजे कवीकडे. त्याला गर्दीतून बाहेर काढण्याचं मोठं काम एका गणिताच्या प्राध्यापकाने केलं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म 1907, गोव्यातल्या कोसबेनचे, बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत, पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले तरी घर पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने ये-जा करत. या माणसाने देशभरातल्या भर्तृहरीच्या शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या आणि 1948 मध्ये शतकत्रयाची चिकित्सक आवृत्ती काढली. तिचा हिशेब मजेशीर आहे. तीन शतकं म्हणजे श्लोक हवेत 300. सगळ्या पोथ्या मिळून निघाले 852. त्यातले बहुतेक पोथ्यांत सापडणारे, म्हणून भरवशाचे, फक्त 200. बाकीचे साडेसहाशे संशयित, नाहीतर सरळ उपरे. आज कुठलाही चुरचुरीत मजकूर पुलंच्या नाहीतर वपुंच्या नावावर फिरतो, तशीच तेव्हाही नावाची ओढ होती. कुणाचा चांगला श्लोक हाती आला की लेखनिक तो भर्तृहरीच्या खात्यावर जमा करत.

कोसंबींचं दुसरं काम जास्त झोंबलं. 1941 मध्ये त्यांनी कॉलेजच्या नियतकालिकात भर्तृहरीच्या वैराग्याची झाडाझडती घेणारा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, हे तृप्त होऊन सोडून देणाऱ्याचं वैराग्य नव्हेच. हा सुशिक्षित, परावलंबी आणि वैतागलेला माणूस आहे, पोटासाठी श्रीमंतांच्या दारात ताटकळणाऱ्या वर्गाचा कवी आहे, आणि त्याचा संन्यास ही हताशेतून काढलेली पळवाट आहे. हा निबंध वाचून देवभीरू संस्कृत पंडित शहारले, अशी आठवण त्यांनीच पुढे गमतीने नोंदवली आहे. साहित्याकडे असं वर्गाच्या चष्म्यातून बघणं सगळ्यांना रुचलं नाही. कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी 1957 मध्ये संपादित केलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ ज्यांनी इंग्रजीत नेला, त्या हार्वर्डच्या डॅनिएल इंगॉल्स यांनी मतभेद स्पष्ट मांडला.

मला कोसंबींची सगळी मांडणी मान्य नाही. उपाशी माणसाने केलं म्हणून निरीक्षण खोटं ठरत नाही, उलट ते बारीक होतं. पण हा राजा नव्हता, इतपत मी त्यांच्या बाजूने आहे. वैराग्यशतकातला एक श्लोक घ्या. गुप्तधनाच्या आशेने जमीन खणली, डोंगरातले धातू भट्टीत वितळवले, समुद्र ओलांडला, राजांची मनं सांभाळली, मंत्र जपत स्मशानात रात्री काढल्या, आणि मिळाली नाही ती फुटकी कवडीसुद्धा. आता तरी तृष्णे, माझा पिच्छा सोड. राजे गुप्तधन खणत नाहीत, ते खणणाऱ्याकडून काढून घेतात. हा नोकरी-धंद्याच्या पन्नास वाटा चाचपलेल्या, प्रत्येक ठिकाणी ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकलेल्या माणसाचा आवाज आहे.

असा माणूस माणसं मात्र फार नेमकी ओळखतो, कारण ज्याच्या हातात काही नसतं त्याला समोरच्याचा चेहरा वाचावाच लागतो. एका श्लोकात त्याने माणसांचे प्रकार पाडले आहेत. स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं काम करणारे ते सज्जन. स्वतःला तोशीस न लागता जमेल तेवढं दुसऱ्याचं करणारे ते सामान्य, म्हणजे तुम्ही-आम्ही. स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याचं वाटोळं करणारे ते माणसाच्या रूपातले राक्षस. इथपर्यंत कुठल्याही कीर्तनात ऐकायला मिळेल. मग तो म्हणतो, पण ज्यांना स्वतःला काडीचा लाभ नसताना दुसऱ्याचं बिघडवायचं असतं, त्यांना काय म्हणावं हे आम्हाला ठाऊक नाही. राक्षसाच्याही पलीकडे शब्द शिल्लक नाही म्हणून कवी हात वर करतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा बसून आलेल्या कुणालाही या चौथ्या प्रकाराची ओळख करून द्यावी लागणार नाही. लिफ्ट नको म्हणणारा तळमजल्यावरचा माणूस निदान तिसऱ्या प्रकारात मोडतो, त्याचे पैसे वाचतात. लिफ्ट नको म्हणणारा चौथ्या मजल्यावरचा माणूस हा भर्तृहरीचा खरा विषय.

अर्धवट ज्ञानावर त्याचा विशेष राग. अडाण्याला समजावणं सोपं, जाणत्याला त्याहून सोपं, पण चार गोष्टी शिकून फुगलेल्याला ब्रह्मदेवही वठणीवर आणू शकत नाही, असं एका ठिकाणी आहे. दुसऱ्या ठिकाणी तो म्हणतो, थोडंसं कळत होतं तेव्हा मी मदाने आंधळ्या झालेल्या हत्तीसारखा होतो, सगळं मलाच कळतं असं वाटायचं. जाणत्यांच्या सहवासात थोडंथोडं खरं कळायला लागलं, तेव्हा आपण मूर्ख आहोत हे ध्यानात आलं आणि तापासारखा तो माज उतरला.

यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांचा 1999 चा अभ्यास आठवतो. त्यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण आणि विनोद ओळखण्याच्या चाचण्या दिल्या आणि तुम्ही इतरांच्या तुलनेत कितपत चांगले, हेही विचारलं. तळातल्या चौथाईची खरी कामगिरी शंभरात जेमतेम बाराव्या पायरीची होती. त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज बासष्टाव्या पायरीचा. या निष्कर्षातला काही भाग निव्वळ आकडेवारीच्या खेळातून येतो, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला, आणि त्यात तथ्य आहे. पण मला गंमत वेगळीच वाटते. हा अभ्यास आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. साहेबाला, पुढाऱ्याला, व्याह्यांना. भर्तृहरीच्या श्लोकात हत्ती ‘मी’ आहे.

प्रेमाकडे वळताना एक नोंद करायला हवी. युरोपला भर्तृहरीची ओळख झाली ती 1651 मध्ये. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत इथे डच वखार होती, तिथला धर्मोपदेशक अब्राहम रॉजर याने पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाच्या मदतीने भर्तृहरी डच भाषेत उतरवला. पुस्तक छापून आलं ते रॉजर वारल्यानंतर. त्यात नीती आहे, वैराग्य आहे आणि शृंगार नाही. आपल्याकडेही शाळेच्या पुस्तकात नीतिशतक येतं, शृंगारशतक दारातच थांबतं. तीन खांबांपैकी मधला काढला की उरलेला भर्तृहरी फारच उपदेशक दिसायला लागतो.

मधल्या खांबावर काय आहे? विवेकाचा दिवा मोठमोठ्यांच्या मनात छान तेवत असतो, पण कुठवर, तर कुणा हरिणाक्षीच्या नजरेच्या पदराचा वारा लागत नाही तोवर. विश्वामित्र, पराशर यांच्यासारखे ऋषी वारा, पाणी आणि झाडाची पानं खाऊन राहत, तरी सुंदर मुख बघताच घसरले. मग तांदळाच्या भातावर तूप घेऊन, वर दूध-दही ओरपणाऱ्या माणसांनी इंद्रियं जिंकली, तर विंध्य पर्वत समुद्रावर तरंगेल. संयमावर व्याख्यान देणाऱ्याला आधी जेवायला काय होतं ते विचारावं, असा हा श्लोक.

पण त्याचा सगळ्यात धीट श्लोक कुत्र्यावरचा आहे. रोडावलेला, एका डोळ्याने काणा, लंगडा, कान झडलेला, शेपूट गेलेली, जखमांतून पू वाहतोय, अंगावर किडे वळवळतायत, पोटात अन्न नाही, म्हातारा, आणि गळ्यात फुटक्या मडक्याचा काठ अडकलेला. कुठल्यातरी खरकट्या भांड्यात तोंड घातलं असणार, डोकं फसलं असणार, आपटून आपटून मडकं फुटलं आणि काठ तेवढा गळ्यात राहिला. ही एवढी बारकाई काल्पनिक नाही, कवीने हा कुत्रा गल्लीत पाहिलेला आहे. आणि हा कुत्रा काय करतोय, तर कुत्रीच्या मागे धावतोय. मेलेल्यालाही मदन मारतोच, असं म्हणून श्लोक संपतो. बायकांबद्दल भर्तृहरीने इतरत्र पुष्कळ कडवट लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं अन्यायाचं आहे आणि आज ते वाचताना ओठ आवळले जातात. स्वतःचा ताबा सुटला की समोरचीला मायाविनी ठरवायचं, ही फार जुनी सबब. कुत्र्याच्या श्लोकात मात्र ती सबब नाही. कुत्रीवर एक अक्षर नाही. दया आहे की किळस, हेही धड ठरवता येत नाही.

राहिलं यश. इथे भर्तृहरी सरळसरळ परस्परविरोधी बोलतो आणि त्याची त्याला जराही लाज वाटत नाही. एका श्लोकात तो म्हणतो, विघ्नांच्या भीतीने सुरुवातच करत नाहीत ते खालच्या प्रतीचे, विघ्न आलं की थांबतात ते मधले, पुन्हा पुन्हा फटके खाऊनही सोडत नाहीत ते उत्तम. हा श्लोक फळ्याला चालतो. दुसऱ्या श्लोकात तो म्हणतो, ज्याच्याकडे पैसा तोच कुलीन, तोच पंडित, तोच वक्ता, तोच देखणा, सगळे गुण सोन्याला चिकटून असतात. हाही श्लोक अनेकांना पाठ असतो, फक्त फळ्यावर कुणी लिहीत नाही. यातलं त्याचं खरं मत कोणतं, हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपण त्याच्याकडे सल्ला मागायला गेलेलो असतो. मुक्तक सल्ला देत नाही, त्या दिवशी दिसलं ते सांगतं. एके दिवशी चिकाटीचं माणूस जिंकताना दिसलं, दुसऱ्या दिवशी शेठजीच्या फालतू विनोदावर दहा विद्वान हसताना दिसले. दोन्ही दिवस खरेच होते.

दैवावरचा त्याचा एक श्लोक मला सगळ्यांत अवघड वाटतो. गारुड्याच्या टोपलीत एक साप वेटोळं करून पडला आहे. अंग आखडलेलं, भुकेने गलितगात्र, सुटकेची आशा संपलेली. रात्री एक उंदीर येतो आणि आत काहीतरी खायला असेल म्हणून टोपली कुरतडायला लागतो. भोक पडतं, आणि उंदीर थेट सापाच्या तोंडात. साप उंदीर गिळतो, अंगात बळ येतं, आणि त्याच भोकातून तो बाहेर पडतो. लोकहो, स्वस्थ राहा, चढणं काय आणि पडणं काय, कारण दैवच आहे, असा समारोप. टीकाकार, भाषांतरकार, प्रवचनकार सगळे या श्लोकात सापाच्या बाजूने बसतात, आणि दैव कसं अचानक उघडतं ते सांगतात. पण त्या रात्री त्या टोपलीपाशी एकानेच कष्ट केले होते. विघ्नांना न भिता सुरुवात केली, मध्येच सोडलं नाही, वेताची कडक टोपली दातांनी कुरतडत शेवटास नेली. तो उंदीर होता.